पाय गेलेली कोंबडी



कोंबडीचे दुखणे उशिरा कळते. गाईने चारा सोडला तर घरातील पोरसोरदेखील ‘हिला काय झाले’ म्हणून विचारते. कोंबडी मात्र अंगात बळ आहे तोवर इतरांबरोबर माती उकरीत राहते. कारण एखादी कोंबडी दुबळी झाली असे दिसताच कळपातील बाकीच्या तिला टोचून हैराण करतात. म्हणून ती आपला अशक्तपणा झाकते, आणि ज्या सकाळी खुराड्याचे दार उघडल्यावर ती बाहेर येत नाही, त्या सकाळी तिचे दुखणे बहुधा दोनचार दिवसांचे जुने झालेले असते.

सत्तरीतील आमच्या घरी माझ्या आजीच्या नऊ कोंबड्या होत्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका चैत्रात त्यांतील ठिपक्यांची एक कोंबडी पाय ओढू लागली. आजीने तिला उचलून मांडीवर घेतले, पाय चाचपला आणि निदान केले, ‘गोठ्यात वासराचा पाय पडला असेल.’ हळद आणि चुना लावून चिंधी बांधण्यात आली. निदान बुद्धीला पटण्यासारखे होते, उपचारही मायेचा होता. आठवडाभरात खुराडे रिकामे झाले.

कोंबडीचे पाय जाणे हे एकच लक्षण. पण त्या एका लक्षणामागे किती निरनिराळी कारणे दडलेली असतात, हे वैद्यकशास्त्राला समजावयास अर्धे शतक लागले. या अर्ध्या शतकातील तीन हकीकती मी आज आपणांस सांगणार आहे. एक जावा बेटावरची, एक बुडापेस्ट शहरातली आणि एक आपल्या देशातील राणीखेतची.

जावा बेटावर त्या काळी डच लोकांचे राज्य होते. शेजारच्या सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे नावाचे राज्य, आणि त्याच्याशी डचांचे १८७३ पासून युद्ध चाललेले. या युद्धात शत्रूच्या गोळीइतकीच सैनिकांना धास्ती होती ती बेरीबेरीची. या रोगात प्रथम पाय बधिर होतात, मग चालता येत नाही, कोणाच्या अंगावर सूज चढते, आणि शेवटी एके दिवशी हृदयच दमून थांबते. सरकारने १८८६ साली पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन विद्वानांना हॉलंडहून चौकशीसाठी पाठविले. त्यांच्या मदतीला एक तरुण लष्करी डॉक्टर देण्यात आला, त्याचे नाव क्रिस्तियान आइकमन. हा गृहस्थ पूर्वी जावात नोकरी करून हिवतापाने खंगून मायदेशी परतला होता, आणि बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकून पुन्हा त्याच बेटावर आला होता.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला होता, पाठोपाठ पटकीचा. प्रत्येक रोगाच्या मुळाशी एक जंतू असलाच पाहिजे अशी विद्वानांची खात्री होऊन बसली होती, आणि ती खात्री अनाठायी होती असे म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही. त्या खात्रीनेच पुढे लाखो जीव वाचविले. ते दोघे विद्वान १८८७ साली परत गेले ते बेरीबेरी हा जंतूचाच रोग आहे असे मत देऊन. बराकी धुवाव्यात, जंतुनाशके शिंपडावीत, असा त्यांचा सल्ला होता. आइकमन मागे राहिला. पुढील वर्षी बटेव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, लष्करी रुग्णालयातील लहानशा प्रयोगशाळेचा तो प्रमुख झाला, आणि त्या जंतूचा शोध करू लागला. जनावरांना रोग्यांचे रक्त टोचून पाहावे, तर काही होईना. अखेर त्याने कोंबड्या घेतल्या. कोंबडी स्वस्त, पाळावयास सोपी आणि मेली तरी सरकारी हिशेबात फारसा गाजावाजा न होणारी.

१८८९ च्या जुलै महिन्याच्या १० तारखेला या कोंबड्यांत रोग दिसू लागला. आइकमनने त्याचे वर्णन करताना एखाद्या शिकाऱ्याच्या नजरेने पाहिले आहे. प्रथम चाल अडखळते. दांडीवर चढून बसता येत नाही. मग उभे राहताना पाय फाकतात, गुडघे वाकतात, आणि चालता चालता कोंबडी कोसळते. पुढे ती एका कुशीवर पडून राहते. लुळेपणा पायांकडून वर वर चढतो, पंख जातात, चोचीने दाणा टिपता येत नाही. तुरा निळसर पडतो, श्वास मंदावतो, डोळे मिटतात, अंग गार पडू लागते. मेलेल्या कोंबडीच्या नसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्या झिजून गेलेल्या. माणसाच्या बेरीबेरीत नसांची हीच गत होते. आइकमनला आनंद झाला असणार. रोग टोचला आणि तो लागला!

परंतु आनंद टिकला नाही. ज्या कोंबड्यांना काहीच टोचले नव्हते, त्यांनाही तोच रोग झाला. मग सारी जागाच दूषित झाली असेल काय, अशी शंका घेऊन नव्या कोंबड्या वेगळ्या ठेवून पाहणे झाले. हा गोंधळ चालू असतानाच नोव्हेंबरच्या अखेरीस रोग जसा आला तसा निघून गेला. आजारी होत्या त्या बऱ्या झाल्या, नवी एकही पडेना. ज्याला कोंबड्यांना रोग हवा होता त्याच्या दृष्टीने ही आपत्तीच म्हणावयाची.

येथे एखादा दुसरा मनुष्य ‘रोग गेला’ असे वहीत लिहून मोकळा झाला असता. आइकमनने चौकशी आरंभिली की मधल्या काळात या कोंबड्यांच्या बाबतीत काय बदलले. आणि एक क्षुल्लक गोष्ट बाहेर आली. प्रयोगशाळेच्या नोकराने काटकसर म्हणून रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला भात कोंबड्यांना घालावयास सुरुवात केली होती. हा भात पांढऱ्याशुभ्र, सडून गुळगुळीत केलेल्या लष्करी तांदळाचा. पुढे स्वयंपाकी बदलला. नव्या स्वयंपाक्याने लष्करी तांदळाचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्यास साफ नकार दिला, तेव्हा पुन्हा साधा, न सडलेला तांदूळ सुरू झाला. तारखा जुळवून पाहिल्या. पांढरा भात १७ जूनपासून २७ नोव्हेंबरपर्यंत घातला गेला होता. रोगाची सुरुवात तीन आठवड्यांनी, आणि रोगाचा शेवट पांढऱ्या भाताच्या शेवटाबरोबर.

कचेरीतील नियमांच्या अतिरेकाला आपण नेहमी नावे ठेवतो. या एका स्वयंपाक्यापुरती मी ती मागे घ्यावयास तयार आहे.

आता आइकमनने उघड उघड प्रयोग केले. सडीक तांदूळ द्यावा, की तीन-चार आठवड्यांत कोंबडीचे पाय जात. असडीक तांदूळ द्यावा, की ती ठणठणीत. आजारी पडलेल्या कोंबडीला तांदळाचा कोंडा चारावा, की ती पुन्हा उठून चालू लागे. म्हणजे औषध सापडले. पण औषध सापडले तरी कारण सापडले नव्हते. आइकमनला वाटले, तांदळाच्या पिठूळ भागातून पोटात काही विष तयार होत असावे आणि वरच्या तांबूस सालीत त्या विषावरचा उतारा असावा. उपचार बरोबर आणि उपपत्ती चूक, असे वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा घडले आहे.

कोंबड्यांचे खरे असेल, पण माणसांचे काय? त्याचे उत्तर जावातील नागरी आरोग्य निरीक्षक फोर्डरमन यांनी तुरुंगांतून मिळविले. त्या बेटावर निरनिराळ्या तुरुंगांत त्या त्या प्रांताच्या चालीप्रमाणे निरनिराळा तांदूळ शिजत असे. फोर्डरमननी १०१ तुरुंगांची माहिती जमविली. असडीक तांदूळ देणारे ३७ तुरुंग. त्यांपैकी केवळ एकात बेरीबेरी. मिश्र तांदूळ देणारे १३, त्यांपैकी सहांत. सडीक तांदूळ देणारे ५१. त्यांपैकी ३६ मध्ये. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंडलेली, गर्दी किती, हेही त्यांनी तपासले. त्यांचा काही संबंध दिसला नाही. एका बाजूला कोंबड्यांचे खुराडे आणि दुसऱ्या बाजूला कैद्यांचे तुरुंग! आपले अन्न आपण निवडण्याचे स्वातंत्र्य दोघांनाही नव्हते, म्हणूनच पुरावा इतका स्वच्छ मिळाला. ही गोष्ट मनाला बोचते खरी.

आइकमन प्रकृती ढासळल्यामुळे १८९६ मध्ये जावा सोडून गेला. त्याचे काम चालविणाऱ्या गेरिट ग्रेइन्स याने १९०१ साली खरी उपपत्ती मांडली. विष नाही आणि उताराही नाही. शरीराच्या नसांना लागणारा एक पदार्थ कोंड्यात असतो आणि सडल्यावर तो निघून जातो. असण्यामुळे होणारे रोग सर्वांना ठाऊक होते. काहीतरी नसण्यामुळे होणारा रोग ही कल्पना अंगवळणी पडावयास वेळ लागला. ग्रेइन्सला आणखी एक गोष्ट आढळली. पाय गेलेली कोंबडी ‘कात्जांग इद्जो’ नावाच्या कडधान्यानेही बरी होते. हे कात्जांग इद्जो म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपले हिरवे मूग! पुढे १९२६ मध्ये बटेव्हियाच्याच प्रयोगशाळेत यान्सेन आणि डोनाथ यांनी तो पदार्थ कोंड्यातून स्फटिकरूपाने वेगळा केला, आणि १९३६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्यम्स यांनी तो कृत्रिम रीतीने बनविला. त्याला आज आपण थायमिन किंवा ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमनला १९२९ चे नोबेल पारितोषिक हॉपकिन्स यांच्याबरोबर विभागून मिळाले. ग्रेइन्सचे नाव त्यात नव्हते. आइकमन तेव्हा इतका आजारी होता की स्वीडनला जाणेही त्याला जमले नाही. पुढील वर्षी तो वारला.

कोकण-गोमंतकातील श्रोत्यांना येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे सकाळची पेज ज्या उकड्या तांदळाची होते, तो तांदूळ भात तुसासकट उकडून, वाळवून मग सडलेला असतो. उकडताना कोंड्यातील हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, आणि मग वरची साल निघाली तरी त्यातले पुष्कळसे दाण्यात राहते. पाव्हण्यापुढे सुरय तांदळाचा शुभ्र भात वाढावा आणि आपण मात्र उकड्याची पेज प्यावी, यात आपल्या बायाबापड्यांना कमीपणा वाटत असे. पाय मात्र त्यांचे शाबूत राहिले. वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या आणि पूर्वेकडील देशांत बेरीबेरीने जोर धरला, त्याचे कारणही हेच. आणि परसात मोकळी हिंडणारी कोंबडी हा रोग सहसा का दाखवीत नाही, तेही यावरून उमजेल. ती किडे टिपते, पाला टोचते, उखळाभोवतीचा कोंडा वेचते. पिंजऱ्यात कोंडून केवळ शिळा पांढरा भात घातला, तर मात्र आजही तिची बटेव्हियातल्यासारखी गत होईल.

दुसरी हकीकत थोडक्यात. बुडापेस्टच्या पशुवैद्यक महाविद्यालयात योझेफ मारेक नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९०७ साली चार कोंबड्यांचे, म्हणजे नरांचे, वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे पाय आणि पंख लुळे पडले होते. मारेकना नसांत दाह दिसला, नसा जाडावलेल्या दिसल्या. वरवर पाहणाऱ्याला हे आणि आइकमनचे रोगी एकाच खुराड्यातले वाटतील. पण येथे कोंड्याने काही होण्यासारखे नव्हते. या रोगाने मोठमोठ्या कुक्कुटशाळा पुढे जेरीस आल्या; अनेकदा आतड्यांत, यकृतात गाठी निघत. त्याचे कारण एक विषाणू आहे हे सिद्ध व्हावयास १९६७ साल उजाडावे लागले. मग मात्र तीनचार वर्षांतच लस आली, आणि गाठी उत्पन्न करणाऱ्या रोगावरील ती पहिली यशस्वी लस ठरली. ‘मारेकचा रोग’ म्हणून तो आज ओळखला जातो. तरुण कोंबडीचा एक पाय पुढे आणि एक मागे पसरलेला, डोळ्यांत जाग पण उठता येत नाही, असे चित्र दिसले की पशुवैद्याच्या मनात प्रथम हेच नाव येते. झाल्यावर उपाय नाही. पिलू अंड्यातून बाहेर येताच पहिल्या दिवशी लस टोचावी लागते. विकतची पिले घेताना ही लस टोचली आहे काय, हे विचारून घ्यावे.

तिसरी हकीकत आपल्या घरची. ज्या १८८९ सालात आइकमनच्या कोंबड्या पडत होत्या, त्याच साली डिसेंबरात पुण्यास सरकारने जनावरांच्या रोगांसाठी एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली. गुरांच्या भयंकर साथींचे जंतू भरवस्तीत हाताळणे धोक्याचे म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयाच्या कुशीत कुमाऊँमधील मुक्तेश्वरला नेण्यात आली. आज आपण जिला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणतो, तिचे हे मूळ. म्हणजे तिचा जन्म पुण्याचा. मुक्तेश्वरपासून फार लांब नसलेल्या राणीखेत गावी १९२७ साली कोंबड्यांची मोठी साथ आली, आणि तेथील एडवर्ड्‌स यांनी तिचा अभ्यास केला. गंमत अशी की आदल्याच वर्षी जावातही कोंबड्या अशाच मेल्या होत्या, आणि इंग्लंडात न्यूकॅसल शहराजवळच्या एका शेतावरही. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या तीन ठिकाणी एकच विषाणू. जगाने त्याला न्यूकॅसलचे नाव दिले, आपण राणीखेतचे. एका सुंदर थंड हवेच्या गावाच्या कपाळी कायमचा हा डाग बसला, आणि तो पुसण्याचा मार्ग मला तरी दिसत नाही.

आपल्या खेड्यांत मात्र या रोगाला आधीपासूनच अधिक बोलके नाव आहे, मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही लोक मानमोडीच म्हणत. माणूस काय, कोंबडी काय, लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले त्यावरून नाव ठेवले. कोंबडी प्रथम मलूल होते, पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, चोच उघडी टाकून श्वास घेते. हिरवट पातळ विष्ठा होते. अंडी थांबतात किंवा बिनकवचाची पडतात. काहींचे पाय व पंख लुळे होतात. आणि ज्या यातून चार दिवस जगतात, त्यांची मान पिरगळल्यासारखी वळते. दाण्यावर नेम धरून चोच मारावी तर ती भलतीकडेच पडते.

आमच्या ठिपक्यांच्या कोंबडीला वासराने तुडविले नव्हते हे आता आपल्या ध्यानात आले असेल. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बसल्या, तिसऱ्या दिवशी एकीची मान वळली. आजीने लसूण-हळदीच्या गोळ्या चारल्या. मग उरलेल्यांपैकी दोन धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या तिने डालग्यात घातल्या आणि पलीकडच्या गावी आपल्या धाकट्या बहिणीकडे पाठवून दिल्या. ‘तिथे तरी वाचतील’ म्हणून. डालगे घेऊन मीच गेलो होतो. आठ दिवसांनी धाकट्या आजीचेही खुराडे रिकामे झाले, आणि तिच्या शेजारणीचेही.

या रोगाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाचसहा दिवस जातात, कधी पंधरवडाही जातो. त्या अवधीत कोंबडी निरोगी दिसते आणि रोग मात्र वाटीत असते. साथीची कुणकुण लागताच कोंबड्या घाईघाईने बाजारात नेऊन विकणे, नातेवाइकांकडे धाडणे, हा आपला जुना रिवाज. गरिबाचे चार पैसे बुडतात म्हणून तो असे करतो, त्याला दोष देणे सोपे नाही. पण मानमोडी गावोगाव हिंडते ती याच डालग्यांतून.

लस फार दिवसांची आहे. मुक्तेश्वरच्या संशोधकांनी १९४० च्या सुमारास हा विषाणू अंड्यातील वाढत्या गर्भांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून सौम्य केला. त्याचीच लस पुढे देशोदेशी वापरली गेली. आज पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यांत वा नाकात सौम्य लशीचा थेंब घालतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास अधिक जोरकस लस टोचतात. मग खेड्यातील कोंबड्या अजून का मरतात? कारण लशीच्या एका बाटलीत शेकडो कोंबड्यांची मात्रा असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि फोडली की थोड्या तासांत संपवावी लागते. एका घरी सात कोंबड्या, दुसऱ्या घरी चार. एवढ्यासाठी बाटली कोण फोडणार? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उष्णता सोसणाऱ्या विषाणूपासून लस तयार केली, ती आफ्रिकेतील व आशियातील कित्येक खेड्यांत डोळ्यांतील थेंबाच्या रूपाने वापरली गेली. परंतु लस कोणतीही असो, वाडीतील सर्व घरांनी एका दिवशी कोंबड्या गोळा केल्या तरच ती पुरी पडते. दहा घरांच्या सत्तर-ऐंशी कोंबड्या एकत्र आल्या की बाटली फोडणे परवडते.

तेव्हा एखाद्या सकाळी आपली कोंबडी पायावर उभी राहीना, तर काय करावे? चिंधी बांधण्यापूर्वी आइकमनने विचारले तेच विचारावे. एकच पडली की अनेक? एका रात्रीत, की आठवड्याभरात? पिलू, तरुण की म्हातारी? खाण्यात काय बदलले, खुराड्यात नवे कोण आले? एकच कोंबडी असेल, तर तिला हातात घेऊन पाहावे. तळपायात काटा किंवा कठीण गळू आहे काय. छातीचे हाड धारदार लागते काय, लागत असेल तर ती पुष्कळ दिवस उपाशी आहे. गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळीही फुगलेली व घट्ट आहे काय. मागल्या बाजूस अंडे अडकून ती कुंथते आहे काय. अंडे अडकले असेल, तर कोमट पाण्यात तिचा मागचा भाग काही वेळ बुडवून ठेवल्याने ते पुष्कळदा सुटते. पंखांखाली उवा-गोचिडी बघाव्यात. विष्ठा पाहावी, रक्त असेल तर ती पिलांची रक्ती हगवण, आणि तिला पशुवैद्याकडचे औषध आहे.

काहीही असो, आजारी कोंबडी आधी वेगळी काढावी. डालग्याखाली, कोरड्या गोणपाटावर, वारा न लागेल अशा उबदार जागी. पाणी तिच्या चोचीपाशी ठेवावे. पाय गेलेली कोंबडी पुष्कळदा रोगाने मरण्यापूर्वी तहानेने मरते, कारण पाणी चार हातांवर असते. भिजविलेल्या मुगाची भरड आणि तांदळाचा कोंडा ओला करून द्यावा; दुखणे अन्नाचे असेल तर काही दिवसांतच फरक दिसतो, आणि नसेल तरी नुकसान काही नाही. दाणापाणी आधी निरोगी कोंबड्यांना घालावे आणि मग आजारीला, उलट क्रमाने नव्हे. नंतर हात धुवावेत. घरात माणसासाठी आणलेल्या, अर्ध्या उरलेल्या जंतुनाशक गोळ्या तिला चारू नयेत. विषाणूवर त्या चालत नाहीत, आणि अंड्यांतून त्या आपल्याच पोटात येतात.

आणि एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या, तर आपली विद्या बाजूला ठेवून पशुवैद्याला कळवावे. मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतला भेद नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो. आपल्या देशात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. त्या वेळी आजारी कोंबड्यांबरोबर लाखो धडधाकट कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या, आणि पुष्कळ कुटुंबांचा धंदा बसला. अशा वेळी मेलेली कोंबडी उघड्या हाताने धरू नये, सोलू नये, खाऊ नये, नदीनाल्यात टाकू नये; सांगितल्याप्रमाणे चुना घालून खोल पुरावी. आणि डालगे घेऊन कोणाच्याही गावी जाऊ नये.

आजीने त्यानंतर वर्षभर कोंबड्या ठेवल्या नाहीत. धाकट्या आजीने तिला कधी बोल लावला नाही. पण नागपंचमीला ती आली नाही आणि चवथीलाही आली नाही. पुढच्या वर्षी तालुक्याच्या गावाहून लस टोचणारा माणूस वाडीवर येणार असल्याची दवंडी आली. तेव्हा आजीच्या खुराड्यात बाजारातून आणलेल्या चार नव्या तलंगा होत्या. त्या दिवशी पहाटे, डालग्यात त्या चौघी झाकून ठेवून, ती स्वतः पायी पलीकडच्या गावी गेली. मी बरोबर होतो. धाकटी आजी अंगणात सडा घालीत होती. आजी दारातूनच म्हणाली, ‘तुझ्या कोंबड्या बांध आणि चल. बाटली एकदाच फोडतात म्हणे.’